मारुती ८०० चा क्लच घसरतोही आणि सुटतही नाही : गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर राहणाऱ्या एकांकडे वडिलांच्या वेळची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरची, चार गिअरची. रोज रायबंदरच्या फेरीने (फेरीबोटीने) पणजीला जाणं-येणं. गेल्या पावसाळ्यापासून क्लचचं पेडल जड झालंय. फेरीतून उतरून धक्क्याचा चढ चढताना इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानाने पुढे सरत नाही आणि जळका वास येतो. त्याच गाडीला सकाळी रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज होतो, कधी गिअर पडतच नाही. गॅरेजमध्ये सांगितलं, गिअरबॉक्स खाली काढून पूर्ण क्लच सेट टाकावा लागेल. टाकावा का? आणि घरी करता येईल का?

सेट टाकावा लागेलही. वास येण्यापर्यंत गोष्ट गेली आहे म्हणजे प्लेटने, इंजिनाचा जोर पकडून गिअरबॉक्सला देणाऱ्या चकतीने, मार खाल्लाच आहे. पण तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आणि मला वाटतं की नुसता सेट टाकलात तर वर्षा-दीड वर्षात तुम्ही पुन्हा याच जागी याल. कारण प्लेट झिजल्याने या तिन्ही तक्रारी एकदम येत नाहीत.

क्लचची कामं दोनच, धरणं आणि सोडणं. चढावर इंजिन फिरतं आणि चाक तेवढं फिरत नाही, म्हणजे क्लच धरत नाही. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स कर्रर्र करतो, म्हणजे क्लच सोडत नाही. झिजलेली प्लेट धरायला कमी पडते, पण सोडायला तिची सहसा अडचण नसते. ती पातळ झालेली असते, उलट सहज सुटते. धरतही नाही, सोडतही नाही आणि पेडलही जड, असं तिन्ही एकत्र आलं की माझं लक्ष आधी त्या भागाकडे जातं जो पेडल आणि क्लच यांच्यामध्ये आहे. तुमच्या गाडीत तिथे हायड्रॉलिक काही नाही. एक केबल, तिच्या टोकाला गिअरबॉक्सवरचा एक आर्म, आणि त्या आर्मला जोडलेला आत जाणारा रिलीज शाफ्ट. एवढंच. केबल आतून गंजली की दाबताना अडते, म्हणून पेडल जड. अर्धा जोर केबलच्या कवचातच जिरतो, म्हणून क्लच पूर्ण सुटत नाही. आणि पाय काढल्यावर ती पूर्ण मागे येत नाही, म्हणून रिलीज बेअरिंग (शाफ्टने ढकललं जाऊन क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोटांना टेकून राहतं आणि क्लच पूर्ण धरत नाही. एका गंजलेल्या केबलने तिन्ही तक्रारी उभ्या राहतात.

फेरीवर रोज जाणाऱ्या गाडीत ही केबल गंजणं अगदी स्वाभाविक आहे. मांडवीचं पाणी तिथे खारट असतं. ओहोटीला धक्क्याचा ओला भाग उघडा पडतो, त्यावरून चाकं जातात आणि खारं पाणी खालून उडतं. केबलच्या खालच्या टोकाचा रबरी बूट फाटलेला असेल तर ते पाणी कवचात शिरतं आणि पुढच्या पावसापर्यंत तिथेच काम करत राहतं. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांना मीठ कमी, पण तांबडी माती तेच करते. ती कवचात जाऊन वाळली की आतली तार पॉलिश पेपरवर घासल्यासारखी झिजते.

तर पहिलं काम. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, बॉनेट उघडं. गिअरबॉक्सच्या बाजूचा केबलचा नट सैल करून केबल आर्मवरून सोडवा. आता कोणाला तरी आत बसवून पेडल हाताने हळूहळू खालीवर करायला सांगा आणि खालचं टोक चिमटीत धरा. तार लोण्यासारखी सरकली पाहिजे. कुठे अडत असेल, कुरकुरत असेल, तर ती केबल काढायचीच. तेल सोडून, डिझेलमध्ये बुडवून ती महिनाभर चालेल. त्याच्या पुढे मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. टोकाजवळ तारेचे पदर तुटून केस उभे राहिल्यासारखे दिसत असतील तर आजच बदला, कारण अशी केबल नेमकी फेरीच्या चढावर तुटते आणि मागे रांग असते.

केबल सुटलेली आहे तोवर तो आर्म हाताने हलवून बघा. सुरुवातीचा थोडा भाग तो मोकळा हलायला हवा, मग आत बेअरिंग बोटांना टेकल्याचं जाणवतं आणि तिथून पुढे हाताने ढकलणं शक्य नसतं. सोडल्यावर स्प्रिंगने मागे यायला हवा. सुरुवातीलाच घट्ट असेल, किंवा मागे न येता तिथेच थांबत असेल, तर रिलीज शाफ्टचे बुश कोरडे पडलेत किंवा गंजलेत. बाहेरून गंज सोडवणारं तेल मारून काही दिवस निभावता येतं, पण खरा इलाज गिअरबॉक्स खाली आल्यावरच होतो. या बुशांकडे फार कमी लोक बघतात. पूर्ण सेट नवा टाकूनही पेडल जडच राहिलं अशी गाडी आली की मी सगळ्यात आधी हा आर्म हलवून बघतो.

नवी केबल घालताना तिचा रस्ता जुन्या केबलसारखाच ठेवा. कुठेही तीव्र वळण नको, एक्झॉस्टच्या जवळ नको. पेडलच्या हुकाला आणि खालच्या पिनला ग्रीस लावा. मग फ्री प्ले, म्हणजे पेडलची मोकळी चाल. पेडलवर बोटांनी हलका दाब द्या. जिथे खरा जोर लागायला सुरुवात होते तिथपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ८०० ला ते साधारण १५ ते २५ मिलिमीटर ठेवतात. तुमच्या गाडीची पुस्तिका जवळ असेल तर तिच्यातला आकडा धरा. खालच्या नटने ते कमी-जास्त होतं.

इथे एक गोष्ट बरेचजण उलटी समजतात. प्लेट झिजते तसा फ्री प्ले वाढत नाही, कमी होतो. फेसिंग (प्लेटवरचा घासला जाणारा थर) पातळ झालं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे, इंजिनाच्या जड चाकाकडे, सरकते आणि डायफ्रामची, म्हणजे प्रेशर प्लेटच्या चपट्या स्प्रिंगची, बोटं बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात. म्हणून वर्षानुवर्षं ॲडजस्ट न केलेल्या गाडीत फ्री प्ले शून्यावर येतो, बेअरिंग सतत बोटांवर टेकून फिरत राहतं आणि बरी असलेली प्लेटसुद्धा घसरायला लागते. फ्री प्ले जास्त झाला असेल तर केबल ताणली गेली आहे, पदर तुटतायत, किंवा पेडलचा ब्रॅकेट, बुश यांत काहीतरी ढिलं झालंय. तेव्हा पट्टी लावून मोजलेला आकडा लिहून ठेवत जा. दर वर्षी गणेश चवथीला एकदा मोजलात तरी क्लच कुठल्या दिशेने चाललाय ते कळतं.

आणखी एक तपासणी, पाच मिनिटांची. सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, कोणाला तरी पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडायला सांगा, गाडी नुसती ताणली जाईल इतपतच. मग तेच रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला उभं राहून इंजिनाकडे बघा; गाडीच्या पुढे किंवा मागे उभं राहायचं नाही, कोणावर कितीही विश्वास असला तरी. इंजिन थोडं झुकेल, ते ठीक. पण उडी मारल्यासारखं हललं तर माउंटचं, म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या आधाराचं, रबर फाटलेलं आहे. या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं आहे आणि क्लचची केबल बॉडीकडून हलत्या इंजिनाकडे येते. इंजिन उडी मारतं तेव्हा केबलचा ताण क्षणात बदलतो, क्लच स्वतःच धरतो-सोडतो आणि गाडी गचके देत निघते. असे गचके म्हणजे प्लेट गेली, असं समजून लोक गिअरबॉक्स उतरवतात. माउंट बदलायला त्याच्या मानाने काहीच खर्च येत नाही.

केबल, फ्री प्ले, माउंट झाले की मग क्लचची परीक्षा घ्या. मोकळा सपाट रस्ता, इंजिन गरम. ताशी चाळीसच्या आसपास चौथ्या गिअरमध्ये जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग हातात हात घालून वाढले पाहिजेत. आवाज आधी चढला आणि वेग मागे राहिला, तर क्लच अजून घसरतोय. दुसरी परीक्षा उभ्या गाडीत: हँडब्रेक चांगला ओढून, तिसरा गिअर टाकून, इंजिन थोडं वाढवून क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. रेंगाळत फिरत राहिलं तर प्लेट धरत नाही. ही दुसरी परीक्षा एकदाच करा. प्रत्येक वेळी फेसिंग जळतं.

रिव्हर्सची परीक्षा वेगळी. या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना दात्यांचा वेग जुळवणारी सोय) नाही, म्हणून क्लच सुटतो की नाही हे सांगणारा तो सगळ्यात प्रामाणिक गिअर आहे. इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. थांबूनही कर्रर्र झालं तर क्लच सुटत नाहीये. थांबल्यावर गुपचूप पडला तर क्लच ठीक आहे, घाई होत होती. आणि इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील तर दोष गिअरच्या रॉडमध्ये किंवा त्याच्या बुशांमध्ये शोधा, क्लचमध्ये नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात. पेडल दाबल्यावर घुर्र सुरू होते आणि सोडल्यावर थांबते, तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पाय वर असताना आवाज येतो आणि दाबल्यावर बंद होतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून जोर आत नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. तो गिअरबॉक्सचा खर्च आहे, क्लच सेटने जाणार नाही.

यानंतरही घसरत असेल, आणि तुमच्या गाडीत ते शक्य आहे, तर गिअरबॉक्स उतरवा. महिनोन्महिने अर्धवट धरलेल्या प्लेटचं फेसिंग काचेसारखं गुळगुळीत होतं आणि ते पुन्हा पकड घेत नाही. पण उतरवण्याआधी खाली वाकून क्लच हाउसिंगच्या तळाशी बोट फिरवा. तेलाचा ओघळ असेल तर बोटाला लावून वास घ्या. काळं आणि इंजिन ऑइलच्या वासाचं असेल तर क्रँकचं मागचं सील गळतंय. दाट, गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल, इनपुट शाफ्टचं सील. कुठलं सील आणायचं ते आधीच ठरतं. तेलात भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन, उन्हात वाळवून, पॉलिश पेपर मारून परत लावणारे आहेत. तेल फेसिंगच्या आत मुरलेलं असतं, गरम झालं की बाहेर येतं. ती प्लेट टाकून द्या.

आता घरी करता येईल का. ८०० हलकी गाडी आहे, साडेसहाशे किलोच्या आसपास, इंजिन ७९६ सीसी, आणि गिअरबॉक्सही लहान. हत्यारं असतील, जमीन काँक्रीटची असेल आणि मदतीला एक माणूस असेल तर होतं. एकट्याने करू नका. गिअरबॉक्स लहान असला तरी पाठीवर झोपून छातीवर घेण्यासारखा नाही. आणि अंगणात, मातीवर तर नकोच. जांभ्याची जमीन वरून घट्ट दिसते, पण पावसाच्या दिवसांत जॅक तिच्यात सरळ बुडतो. गाडी स्टँडवर, जॅकच्या भरवशावर कधीही नाही, आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण.

क्रम असा. बॅटरी आधी सोडवून बाजूला. क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, अर्थिंगची वायर, स्टार्टर मोटर. गिअरचे दोन्ही रॉड. प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर खूण आणि शक्य असेल तर मोबाइलवर फोटो. गिअर ऑइल भांड्यात काढा आणि बघा. धातूचे चमकणारे तुकडे असतील तर गिअरबॉक्सही उघडावा लागेल हे आताच कळलेलं बरं. मग पुढची चाकं काढून, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट मोकळा करून नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढा आणि ड्राइव्ह शाफ्टची (गिअरबॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांची) आतली टोकं टायर लिव्हरने गिअरबॉक्समधून सोडवा. ड्राइव्ह शाफ्ट नुसता हिसका देऊन ओढू नका, आतला जॉइंट निखळतो. सोडल्यावर त्याला लोंबकळत न ठेवता तारेने वर बांधून ठेवा. त्याच वेळी रबरी बूट बघून घ्या. फाटलेला असेल तर इतकं सगळं उघडलेलं असताना बदलायला वेगळी मेहनत लागत नाही.

इंजिनाला खालून आधार द्या, जॅक आणि ऑइल पॅन यांच्यामध्ये लाकडाची फळी ठेवून. फळीशिवाय जॅक लावला तर पत्रा आत जातो. मग गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंट आणि हाउसिंगचे बोल्ट. बोल्टांची लांबी सारखी नसते, म्हणून ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी पुठ्ठ्यावर टोचून ठेवा. गिअरबॉक्स इंजिनापासून सरळ रेषेत बाजूला ओढा. अर्धवट बाहेर आलेला असताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर टाकून सोडलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो. काढताना वाकला तर चालेल, जुनी प्लेट आहे. बसवताना वाकला तर नवीन सेट पहिल्या दिवसापासून सुटणार नाही.

आत धूळ असेल. तिला फुंकर नको, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि तुमच्या गाडीत कधीची प्लेट बसवलेली आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. तोंडाला मास्क, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमध्ये काम करणारी पोरं रोज हवा मारून ती धूळ छातीत घेतात. त्यांना सांगणारा कोणी नसतो, म्हणून मी प्रत्येक वेळी सांगतो.

आता जुनी प्लेट वाचा. इथे घाई करू नका, कारण प्लेट का गेली ते इथेच लिहिलेलं असतं. रिव्हेटचं डोकं फेसिंगच्या किती खाली आहे ते मोजा. नव्या प्लेटला ते साधारण १.२ मिलिमीटर असतं; ०.५ पर्यंत आलं की प्लेट संपली. फेसिंग भरपूर शिल्लक आहे पण काळं-चकचकीत आहे, तर ती झिजून नव्हे, घसरून गेली. फ्री प्ले किंवा केबल. एका बाजूला जास्त झिजली असेल तर प्रेशर प्लेट तिरकी दाबतेय. स्प्लाइनच्या (प्लेट शाफ्टवर ज्या खाचांत सरकते त्यांच्या) दात्यांना तांबूस गंज आणि प्लेट शाफ्टवर अडखळत सरकतेय, तर तुमच्या रिव्हर्सच्या आवाजात तिचाही वाटा होता. डायफ्रामची बोटं बघा, टोकाला खळगे पडलेले असतील किंवा एखादं बोट खाली बसलेलं असेल तर प्रेशर प्लेट गेली. आणि हाउसिंगच्या खालचं पत्र्याचं झाकण जागेवर आहे का बघा. जुन्या गाड्यांत ते कधीतरी काढलेलं असतं आणि परत लावलेलंच नसतं. मग चिखल-पाणी थेट क्लचवर उडतं. नसेल तर भंगारातून मिळवा, पण लावा.

नुसती प्लेट बदलावी की पूर्ण सेट? कामाचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्यात जातो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. त्याबरोबर फ्लायव्हीलच्या मधलं छोटं बेअरिंग, ज्यात इनपुट शाफ्टचं टोक फिरतं, बोटाने फिरवून बघा. खरखर वाटली तर तेही. रिलीज शाफ्टचे बुश आणि सील. क्रँकचं सील गळत नसलं तरी या वयाच्या गाडीत मी बदलतो. सीलची किंमत किरकोळ असते आणि दोन महिन्यांनी गळलं तर नवा सेट वाया जातो.

दुकानात जाताना जुनी प्लेट घेऊन जा. ८०० १९८३ पासून २०१४ पर्यंत निघाली, मधे चार गिअरची पाच गिअरची झाली, कार्ब्युरेटरचं इंजेक्शन झालं. काउंटरवर नुसतं "मारुतीचा सेट द्या" म्हटलं तर जे हाताला येईल ते मिळतं. नवी प्लेट जुनीवर ठेवा, बाहेरचा घेर जुळवा, स्प्लाइनचे दाते मोजा. खोक्यावरचं सील आणि छपाई नीट बघून घ्या. बनावट सेट बाजारात आहेत आणि फरक फेसिंगच्या रिव्हेटांत दिसतो.

फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर काढून लेथवर तोंड मारून घ्या. म्हापसा, फोंडा, मडगाव कुठेही चांगला लेथवाला मिळेल. त्याला एवढंच बजावा की तोंड समांतर राहिलं पाहिजे आणि डाग जाईल तेवढंच काढायचं. भेग खोल असेल तर दुसरं फ्लायव्हील. नुसतं गुळगुळीत झालेलं असेल तर पॉलिश पेपर आडवा-तिडवा मारून, थिनरने पुसलं की पुरे. नव्या प्रेशर प्लेटच्या तोंडावर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो, तोही थिनरने पुसा. रिलीज बेअरिंग मात्र कशातही धुवायचं नाही. आतलं ग्रीस त्याच्या आयुष्यभराचं आहे.

बसवताना प्लेटची बाजू. मधला स्प्रिंगवाला फुगीर भाग गिअरबॉक्सकडे येतो. उलटी बसली तर पेडल दाबूनही क्लच सुटत नाही आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. बहुतेक प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते. सेंटरिंगसाठी, म्हणजे प्लेट नेमकी मधोमध बसवण्यासाठी, खास हत्यार नसेल तर भंगारातल्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मिळवा, गोव्यातल्या निम्म्या गॅरेजांत तोच वापरतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, तीन-चार फेऱ्यांत थोडे थोडे आवळा आणि शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आणा. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलंत तर कव्हर वाकतं आणि गाडी निघताना थरथरते. फेसिंगला ग्रीसचा हात लावायचा नाही. स्प्लाइनला उष्णतेत टिकणारं ग्रीस, तेही बोटाने पुसून टाकल्यावर जेवढं उरेल तेवढंच. जास्तीचं फिरताना उडून फेसिंगवर जातं.

गिअरबॉक्स चढवताना तो इंजिनाला टेकेपर्यंत हाताने जायला हवा. शेवटचा अर्धा इंच राहिला म्हणून बोल्टने ओढून घेऊ नका. अडतोय म्हणजे सेंटरिंग चुकलंय किंवा दाते समोरासमोर आलेत. चौथा गिअर टाकून बाहेरून शाफ्ट थोडा फिरवा, म्हणजे जुळतात. ड्राइव्ह शाफ्ट आत टक आवाज करून बसले पाहिजेत, नंतर हलकेच ओढून खात्री करा. शेवटी गिअर ऑइल. भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंत भरायचं, गाडी सपाट असताना. ते भरायचं राहून गाडी सुरू झाली तर काही किलोमीटरांत गिअरबॉक्स जातो, म्हणून तेल काढल्यावर लगेच स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधून ठेवावी.

नव्या प्लेटला पहिले काही शे किलोमीटर बसू द्या, चोर्ला किंवा अनमोडचा घाट लगेच नको. पाचशेच्या आसपास फ्री प्ले पुन्हा मोजा, नवी प्लेट आणि नवी केबल दोन्ही थोडं बसतात.

फेरीबद्दल. रांगेत उभं असताना चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय क्लचवरून काढा. पुढची गाडी पूर्ण वर गेल्यावरच पहिला गिअर टाकून, हँडब्रेक सोडत सोडत एका दमात निघा. हँडब्रेक पकडत नसेल तर तो आधी दुरुस्त करा. ढिल्या हँडब्रेकने जाळलेल्या क्लच प्लेट मी कितीतरी बघितल्यात. ओहोटीला धक्का शेवाळलेला असतो, तिथे चाक घसरलं की घाबरून क्लच रेटला जातो. थोडं थांबून, कमी आरपीएमवर निघणंच बरं.

तुमच्यासारख्याच, पण बंद घरापुढे उभ्या असलेल्या गाड्यांसाठी एक गोष्ट जोडतो, कारण माणसं बाहेरगावी आणि गाडी मिरगापासून चवथीपर्यंत शेडमध्ये, असं इथे घरोघरी आहे. तीन-चार महिन्यांच्या दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. पेडल नेहमीसारखं दबतं, पण कुठलाच गिअर पडत नाही. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायची गरज बहुधा नसते. इंजिन न्यूट्रलमध्ये चांगलं गरम करा, बंद करा. गाडी मोकळ्या मैदानात, पुढे कोणी नाही अशी उभी करा. दुसरा गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून चावी फिरवा. गाडी हिसका देऊन चालायला लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबा-सोडा, मधेच ब्रेकचा हलका स्पर्श द्या. काही फेऱ्यांत प्लेट टक करून सुटते. थांबायचं असेल तर चावी बंद. रस्त्यावर हे करू नका. पुढच्या पावसाआधी पेडल दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाची दांडी अडकवून ठेवा, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला टेकूनच राहत नाही. केबल धड असेल तरच हे करा.

तुम्ही या रविवारी केबल सोडवून तार आणि आर्म हलवून बघा. तार अडते की आर्म अडतो, आणि हाउसिंगखाली बोटाला कुठलं तेल लागलं, एवढं कळवलंत तर सेट मागवायचा की नाही आणि त्याबरोबर कुठलं सील, ते मी नेमकं सांगू शकेन.